सध्या काय वाचता आहात? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आपण सध्या कोणते पुस्तक वाचत आहात आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावेसे वाटते का, असे मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांत पुस्तकांची नावे होतीच, पण त्यांच्या जोडीने पुस्तक निवडण्याविषयी, सुचवण्याविषयी आणि सुचवलेले पुस्तक दुसऱ्याला न रुचल्यावर मनाला होणाऱ्या त्रासाविषयीही पुष्कळांनी लिहिले होते. नुसती नावांची यादी छापण्यापेक्षा हे प्रश्न घेणे मला अधिक अगत्याचे वाटले, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी ठेवले आहे. प्रश्न थोडक्यात दिले असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या मित्रमंडळींचा वाचनगट आहे. प्रत्येक जण वाचून झालेल्या पुस्तकाचे नाव गटावर कळवतो आणि ‘अप्रतिम’, ‘अवश्य वाचा’, ‘खाली ठेववत नाही’ असा शेरा लिहितो. अशी कितीतरी नावे मी वहीत उतरवून ठेवली आहेत. त्यांतली काही पुस्तके मिळवून वाचायला घेतली, परंतु बहुतेक अर्ध्यावर सोडली. दोष माझ्या वाचनात आहे की शिफारशींत?

उत्तर: दोष आपल्या वाचनात नाही, आणि आपल्या मित्रांच्या हेतूतही नाही. ‘अप्रतिम’ या शब्दाने वाचकाला झालेला आनंद कळतो, पुस्तक मात्र कळत नाही. तो आनंद खरा असला तरी तो कशामुळे झाला हे सांगितल्याशिवाय दुसऱ्याला तो आपल्या आवडीशी ताडून पाहता येत नाही. एखाद्याला कथानकाचा वेग आवडतो, एखाद्याला भाषेची ठेवण आवडते, एखाद्याला आपल्या अनुभवाशी जुळणारा एकच प्रसंग पुरतो. तिघेही ‘अवश्य वाचा’ असेच लिहितात आणि आपण तिन्ही पुस्तके एकाच अपेक्षेने उघडतो.

एक उदाहरण देतो. ‘रणांगण ही फार सुंदर कादंबरी आहे’ असे कोणी कळवले तर आपल्या वहीत आणखी एका नावाची भर पडेल, इतकेच. पण समजा, त्याच मित्राने असे लिहिले: ‘विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ सालची आहे. ती युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. प्रेमभंगाने मन कडवट झालेला चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ त्या बोटीवर पडते. पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकींत संपते, पण संपल्यावर मन बराच काळ जड राहते. मी ते सुट्टीत वाचले आणि सुट्टीचे उरलेले दिवस त्याच विचारात गेले.’ एवढे वाचल्यावर हे पुस्तक आपल्याला आज हवे आहे, पुढे कधी तरी हवे आहे, की मुळीच नको आहे, हे आपले आपण ठरवू शकता. यात पुस्तकाची स्तुती एका शब्दानेही केलेली नाही, तरी ही शिफारस मला अधिक प्रामाणिक वाटते.

भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यांतले दुसरे सूत्र. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरे. ही दोन वाक्ये एकाच अर्थाची वाटतात, पण तशी ती नाहीत. दुसऱ्या सूत्रात आपण माणसापासून निघून पुस्तकाकडे जातो आणि तिसऱ्यात पुस्तकापासून निघून माणूस शोधतो. आपल्या गटात नेमका हा शोध राहून जातो आहे. पुस्तक सर्वांना एकदमच सुचवले जाते, त्यामुळे ते कोणालाच सुचवल्यासारखे होत नाही. गटातील मित्रांना एक विनंती करून पाहा: पुस्तकाचे नाव कळवताना गटातील कोणाला ते आवडेल आणि कोणाला कदाचित आवडणार नाही, हेही प्रत्येकाने लिहावे. दुसरा भाग लिहिणे अवघड जाते, परंतु त्यासाठी पुस्तकाचा आणि मित्राचा खरा विचार करावा लागतो.

कोणाच्या शब्दावर विसंबावे, याविषयीही एक गोष्ट अनुभवाने सांगतो. ज्याची आवड आपल्याला माहीत आहे त्याच्यापेक्षा ज्याची नावड आपल्याला माहीत आहे, त्याची शिफारस अधिक कामाची असते. माझ्या एका स्नेह्यांना लांबलचक वर्णने सहन होत नाहीत. त्यांनी वर्णनांनी भरलेले एखादे पुस्तक आपण होऊन सुचवले, तर त्या वर्णनांत काही तरी विशेष असणार, हे मी धरून चालतो. आपल्या वहीतील ज्या नावांपुढे ते कोणी सुचवले आणि का सुचवले हे आठवत नसेल, ती नावे खुशाल खोडून टाका.

प्रश्न: महाविद्यालयात असताना मी भरपूर वाचत असे. त्यानंतर नोकरी आणि संसार यांत वीस-बावीस वर्षे पुस्तक हाती धरले नाही. आता वेळ मिळू लागला आहे, पण चार पाने वाचली की लक्ष उडते. कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी?

उत्तर: आपल्यासारख्या वाचकांना बहुधा एखादी गाजलेली, जाडजूड कादंबरी सुचवली जाते आणि तिथेच चूक होते. वाचनाची मोडलेली सवय पुन्हा जडायची असेल तर आरंभी पुस्तक पूर्ण झाल्याचे समाधान लवकर मिळाले पाहिजे. म्हणून मी आपल्याला व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ प्रथम सुचवीन. हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्यात दुष्काळी मुलखातील साध्या माणसांची शब्दचित्रे आहेत आणि त्यातील प्रत्येक चित्र स्वतंत्र आहे. एक वाचून पुस्तक मिटले तरी काही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मागचे आठवावे लागत नाही. वाक्ये लहान आहेत, शब्द नेमके आहेत, आणि लेखक आपल्या पात्रांबद्दल गहिवरून बोलत नसल्यामुळे वाचणाऱ्याचेच मन भरून येते.

त्यानंतर त्याच लेखकाची ‘बनगरवाडी’ घ्यावी, म्हणजे लेखकाच्या भाषेशी झालेली ओळख कादंबरी वाचताना उपयोगी पडेल. १९५५ मधील या लहानशा कादंबरीत एक कोवळा शिक्षक धनगरांच्या वाडीवर शाळा चालवण्यासाठी येतो आणि हळूहळू त्या वाडीचा होऊन जातो. दुष्काळाने ती वाडी कशी रिकामी होत जाते, ते शेवटच्या भागात आले आहे. तो भाग वाचताना आपले लक्ष उडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

तिसरे पुस्तक थोडे मोठे आहे, आणि ते सुचवताना मला विशेष आनंद होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरच्या ताटातुटीची, विरोधाची आणि स्वतः लक्ष्मीबाईंच्या मनात झालेल्या बदलाची हकीकत त्या अशा बोलल्यासारख्या भाषेत सांगतात, की पुस्तक वाचतो आहोत याचा विसर पडावा. स्वतःच्या दुःखाकडे त्या ज्या मोकळेपणाने पाहतात, तो मोकळेपणा मला मराठी गद्यात दुसरीकडे क्वचितच आढळला आहे. पुस्तक मोठे असले तरी त्यातील प्रसंग लहान लहान आहेत आणि एकेक प्रसंग रोज वाचता येतो. शेवटचा भाग लिहून पूर्ण होण्याआधीच लक्ष्मीबाईंचे निधन झाले आणि त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांनी तो पुरा केला, हे ध्यानात ठेवून शेवटाकडे जावे; आवाज बदलल्याचे आपल्याला जाणवेल.

महाविद्यालयाच्या दिवसांत जे पुस्तक फार आवडले होते, ते मात्र इतक्यात पुन्हा उघडू नका. ते आता तसे वाटले नाही तर वाचनावरचाच विश्वास डळमळतो. वाचनाची सवय पुरती बसली, की त्या पुस्तकाकडे अवश्य जा. लक्ष उडण्याचे म्हणाल, तर दिवसातील एक ठरावीक वेळ, फोन दुसऱ्या खोलीत, आणि पहिले काही दिवस फक्त वीस मिनिटे, याहून अधिक काही करण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न: एखादे पुस्तक पूर्ण न करता सोडणे योग्य आहे का?

उत्तर: होय. डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली आहे. तिच्यात पाने गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यावर सोडण्याचा आणि मुळीच न वाचण्याचाही हक्क आहे. सोडलेल्या पुस्तकाविषयी मत मात्र जपून द्यावे. ‘मला वाचवले नाही’ आणि ‘पुस्तक वाईट आहे’ या विधानांत मोठे अंतर आहे.

प्रश्न: ‘कोसला’ हे माझे आयुष्यभराचे पुस्तक आहे. मी ते माझ्या जवळच्या मित्राला मोठ्या अपेक्षेने वाचायला दिले. त्याने ते महिन्याभराने परत केले आणि ‘यात काही घडतच नाही’ असे सांगितले. मला ते मनाला फार लागले. तेव्हापासून मी कोणालाच पुस्तक सुचवत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: आपल्या पत्रातील दुःख मला समजते. आवडते पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना आपण स्वतःचा एक भागच त्याच्यापुढे ठेवत असतो, आणि पुस्तक नाकारले गेले की आपणच नाकारले गेलो असे वाटते. पण आपल्या मित्राने जे म्हटले, त्याकडे एकदा शांतपणे पाहावे अशी माझी विनंती आहे. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिच्याविषयी टोकाची मते आहेत. पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला आणि अखेरीस हात हलवत गावी परतलेला तरुण स्वतःची गोष्ट सांगतो. तिच्यात रूढ अर्थाने कथानक नाही, आणि तसे नसणे हाच तिचा विषय आहे असे म्हणता येईल. आपला मित्र ‘काही घडत नाही’ म्हणाला, ते वर्णन म्हणून चुकीचे नाही. त्या न घडण्यात आपल्याला स्वतःची वर्षे दिसली, त्याला त्याची दिसली नाहीत.

आपण ही कादंबरी कोणत्या वयात वाचली, हे पत्रात लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे, की घर सोडून शिकायला गेल्यावर किंवा तिथून परतल्यावर ती आपल्या हाती आली असावी. तसे असेल तर पुस्तक देताना मित्राला आपण तेच सांगायला हवे होते: ‘मी एकोणीस वर्षांचा होतो, खोलीत एकटा होतो, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.’ मग मित्राला पुस्तक आवडले नसते तरी आपण त्याला काय दाखवू पाहत होतो, ते कळले असते. पुस्तक पसंत पडणे आणि पुस्तक देणारा माणूस समजणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मैत्रीत दुसरीच अधिक मोलाची आहे.

आपण पुस्तके सुचवणे सोडू नका. फक्त आयुष्यभराचे म्हणून जपलेले पुस्तक पहिल्या खेपेस कोणाला देऊ नये, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे. आधी आपल्याला आवडलेले, पण ज्याच्याविषयी वाईट ऐकून घेता येईल असे पुस्तक द्यावे. मित्र त्याच्याविषयी कसे बोलतो, कशावर थांबतो, काय त्याच्या नजरेतून सुटते, हे कळले की पुढचे पुस्तक निवडणे सोपे जाते. आणि एकदा त्यालाच विचारा, की तू मला कोणते पुस्तक देशील? ते मात्र शेवटपर्यंत वाचा. वर मी अर्ध्यावर सोडण्याचा हक्क मान्य केला आहे, तरीही मित्राने मनापासून दिलेल्या पहिल्या पुस्तकापुरता तो बाजूला ठेवावा असे मला वाटते.

प्रश्न: माझी तेरा वर्षांची मुलगी इंग्रजी जादूकथांच्या मालिका झपाटल्यासारखी वाचते. मी लहानपणी वाचलेली मराठी पुस्तके तिला दिली, तर ती दोन पाने चाळून बाजूला ठेवते. तिला मराठी वाचनाची गोडी कशी लावावी?

उत्तर: आपली मुलगी वाचते आहे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडलेली आहे. आता आधी आपण तिच्या मालिकेतील पहिले पुस्तक तिच्याकडून मागून घ्या आणि पूर्ण वाचा. आपण वाचल्याचे तिला कळले, की तिच्याशी पुस्तकाविषयी बोलताना आपण परीक्षक न राहता सोबती व्हाल, आणि सोबत्याने सुचवलेले पुस्तक मुले उघडून तरी पाहतात.

आपण आपल्या लहानपणची पुस्तके दिलीत. त्यात आपल्या आठवणींची गोडी मिसळलेली आहे, आणि ती तिला चाखता येणे शक्य नाही. तिला साहस आणि वेगळे जग आवडते असे दिसते. त्या आवडीला धरून भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ मालिकेतील एखादे पुस्तक चालेल. बनेश फेणे तिच्याच वयाच्या आसपासचा आहे, आणि जादू नसली तरी वेगाची उणीव तिला भासणार नाही. प्राण्यांची ओढ असेल तर विलास मनोहर यांचे ‘नेगल’ द्यावे. हेमलकसाला प्रकाश आमटे यांच्याकडे वाढलेल्या वन्य प्राण्यांच्या त्या खऱ्या हकीकती आहेत, आणि पुस्तकाला ज्याचे नाव मिळाले तो नेगल हा बिबट्या आहे. इंग्रजीतून मराठीत येण्यासाठी अनुवादाचा पूलही चांगला असतो: लुइसा मे अल्कॉट यांच्या १८६८ मधील कादंबरीचा शान्ता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद इतका सहज उतरला आहे, की मुळाची आठवण येत नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे गुलामीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चरित्र मात्र मी आणखी एक-दोन वर्षांनी देईन. ते वाचनीय नाही म्हणून नव्हे, तर कार्व्हर यांनी सोसलेल्या अन्यायाचा अर्थ तेव्हा तिला अधिक लागेल म्हणून.

यांपैकी एका वेळी एकच पुस्तक, आणि तेही ‘हे वाच’ असे न म्हणता, घरात तिच्या हाताशी पडून राहू द्यावे.

प्रश्न: डोळ्यांच्या त्रासामुळे मी आता पुस्तके ऐकतो. मंडळी विचारतात, ‘सध्या काय वाचता?’ तेव्हा ऐकलेल्या पुस्तकाचे नाव सांगावे का?

उत्तर: निःसंकोचपणे सांगावे. ज्या पुस्तकात कोणी तरी कोणाला तरी गोष्ट सांगत असते, ते ऐकण्यात तर वेगळीच गोडी असते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचनाच अशी आहे, की श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. वर उल्लेखिलेली ‘स्मृतिचित्रे’ही ऐकण्याजोगी आहेत. शिफारस करताना ऐकले असल्याचे सांगितले तर बरे, कारण वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता की पुस्तक चांगले होते, याचा निवाडा समोरच्याला करता येतो.

प्रश्न: माझ्या मैत्रिणीच्या पतीचे अलीकडे निधन झाले. तिला वाचनाची आवड आहे. तिला आधार वाटेल असे पुस्तक द्यावे असे मनात आहे, पण धीर होत नाही.

उत्तर: आपल्याला धीर होत नाही, त्यातच आपली समज दिसते. दुःखातून कसे सावरावे हे शिकवणारे पुस्तक कृपया देऊ नका. त्यामुळे ‘तू आता सावरायला हवेस’ असा निरोप जातो, आणि तो देण्याची वेळ अजून आलेली नाही. पहिले काही महिने पुष्कळांना सलग वाचणे जमत नाही. ओळी डोळ्यांखालून जातात आणि अर्थ पोहोचत नाही. अशा वेळी कुठेही उघडता येईल आणि कुठेही मिटता येईल, असे पुस्तक बरे.

मी ‘बहिणाबाईंची गाणी’ सुचवतो. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतातले काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी यांच्यामुळे जपल्या गेल्या, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांना तरुणपणीच वैधव्य आले होते. त्या दुःखावर त्यांनी थेट रचना केल्या आहेत आणि संसार, मन, माती, पेरणी यांवरही केल्या आहेत. आपल्या मैत्रिणीला जे पान सोसेल त्या पानावर तिला थांबता येईल. पुस्तक देताना ते वाचलेच पाहिजे असे नाही, हे तोंडाने सांगा, आणि नंतर ‘वाचलेस का?’ असे विचारू नका. तिला बोलावेसे वाटले तर ती बोलेल.

प्रश्न: कोणालाही विचारले तरी तीच दहा-बारा पुस्तके सुचवली जातात. ती बहुतेक माझी वाचून झाली आहेत. त्यांच्या पलीकडची पुस्तके शोधावी कशी?

उत्तर: आपला प्रश्न वाचून प्रथम वरच्या उत्तरांकडे पाहिले, आणि मीही बहुतांशी सर्वपरिचित पुस्तकेच सुचवली आहेत हे कबूल करतो. नव्याने वाचू लागणाऱ्यासाठी ती योग्य आहेत. आपल्यासाठी मात्र यादी सोडून धागा धरण्याचा मार्ग सांगतो.

आवडलेल्या एका पुस्तकापासून निघावे आणि ते ज्यांच्या शेजारी ठेवता येईल, अशी पुस्तके शोधत जावे. ‘स्मृतिचित्रे’ आपण वाचलीच असतील. त्यांच्या मागे गेले तर १९१० मधील रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ भेटतात. एका सुधारकाच्या घरात शिकणाऱ्या पत्नीला घरातल्याच स्त्रियांकडून काय सोसावे लागले, ते त्यात आहे. पुढे आले तर १९४४ मधील आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आहे. आणखी पुढे १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही दलित स्त्रियांची आत्मकथने पुस्तकरूपाने आली. ‘जिणं आमुचं’मध्ये लेखिका ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक सांगते, आणि रमाबाईंच्या पुस्तकानंतर ते वाचले तर ‘घर’ या एकाच शब्दाचे किती वेगळे अर्थ होतात, ते अंगावर येते. ही पुस्तके सुटी सुटी वाचली असती तर प्रत्येक चांगले वाटले असते. एका ओळीत वाचल्यावर ती एकमेकींशी बोलू लागतात. दया पवारांचे १९७८ मधील ‘बलुतं’ आणि लक्ष्मण माने यांचे १९८० मधील ‘उपरा’ हेही या धाग्याला येऊन मिळतात. हा धागा मी स्वतः जवळजवळ वर्षभर धरून होतो, आणि त्या वर्षात मला कोणाकडे पुस्तकाचे नाव मागावे लागले नाही.

दुसरा मार्ग आवृत्त्यांचा आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष फार कमी जाते. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घ्या. दक्षिणा मिळवण्यासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघालेले हे भटजी १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी शहरातच होते. त्यांची हकीकत १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केली, परंतु छापताना मूळ लिखाणात त्यांनी बरेच फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रकाशात आणली. म्हणून हे पुस्तक सुचवताना ते कोणत्या पाठाचे आहे, हे सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही. प्रस्तावना आणि संपादकीय टिपा वाचण्याची सवय ठेवली तर एका पुस्तकातून पुढच्या चार पुस्तकांची वाट सापडते. मला कितीतरी विस्मृतीत गेलेली नावे अशीच मिळाली आहेत.

प्रश्न: इतरांना पुस्तके सुचवणारे आपण स्वतः सध्या काय वाचता आहात?

उत्तर: इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ पुन्हा वाचतो आहे. मानवशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाईंनी महाभारतातील व्यक्तींवर लिहिलेले हे लेख आहेत, आणि या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पहिल्यांदा वाचले तेव्हा कर्णावरच्या लेखाने मी अस्वस्थ झालो होतो, कारण लहानपणापासून मनात धरलेला कर्ण त्यात मला सापडला नव्हता, आणि त्या वेळी मी लेखिकेशी मनातल्या मनात बराच भांडलोही होतो. या वेळी गांधारी आणि कुंती यांच्यापाशी जास्त थांबलो. महाभारत गोष्टींच्या रूपाने ऐकून माहीत आहे, पण त्यातील माणसांविषयी काही प्रश्न मनात राहिले आहेत, अशा वाचकाला मी हे पुस्तक देईन. या ग्रंथाकडे श्रद्धेने पाहणाऱ्या आणि ती श्रद्धा तशीच राहावी असे वाटणाऱ्या स्नेह्यांना ते देताना मी आधी विचारीन, कारण इरावतीबाई भीष्मालाही मोजूनमापून पाहतात. मी आता द्रौपदीवरच्या लेखापर्यंत आलो आहे. आपल्यापैकी कोणी तो नुकताच वाचला असेल, तर त्याविषयी जरूर लिहा.